ट्रेकला न्यायचा कॉफी मग: आधी झाकण तपासा, स्टील नंतर

सॅकमध्ये कॉफी सांडली तर कॉफीचं दुःख सगळ्यात शेवटी येतं. आधी भिजतात रात्रीसाठी राखून ठेवलेले कोरडे कपडे, त्यानंतर स्लीपिंग बॅग, आणि डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर ओल्या स्लीपिंग बॅगेत रात्र काढणं भयंकर असतं. हेडटॉर्च, पॉवर बँक, प्रथमोपचाराच्या पट्ट्या यांचं नुकसान वेगळंच. म्हणून ट्रेकसाठी मग घेताना 'कॉफी किती तास गरम राहते' हा प्रश्न माझ्या लेखी दुसरा. पहिला प्रश्न असा की सॅक आडवी पडली, उलटी झाली, शिडीवर आपटली तरी एकही थेंब बाहेर येणार नाही ना?

दुहेरी भिंतीचं निर्वात भांडं हे तंत्र जुनं आहे. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये प्रयोगशाळेच्या कामासाठी असा फ्लास्क बनवला, आणि १९०४ मध्ये जर्मनीत 'थर्मॉस' कंपनी स्थापन होऊन तो घराघरात जायला लागला. दोन भिंतींमधली हवा काढून टाकली की उष्णतेला त्या बाजूने बाहेर पडायला फारशी वाट राहत नाही. आतल्या भिंतीला तांब्याचा पातळ थर दिलेला असेल तर किरणांच्या रूपाने जाणारी उष्णताही घटते. एवढं काम आज हजार रुपयांच्या आतबाहेरचे मगही व्यवस्थित करतात. उष्णता निसटते ती मुख्यतः तोंडाकडून आणि झाकणातून, आणि कॉफीही तिथूनच गळते. तेव्हा दुकानात उभे असाल तर स्टीलचा रंग आणि चकाकी बघण्यात घालवायचा वेळ झाकणाला द्या.

आधी ठरवा: मगात काय भरणार?

याचं उत्तर ठरलं की निम्मी निवड आपोआप होते.

दुधाची कॉफी भरून नेणार असाल तर माझा स्पष्ट सल्ला आहे, नेऊ नका. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू वेगाने वाढतात. पहाटे भरलेली दुधाची कॉफी दुपारपर्यंत हळूहळू याच पट्ट्यात उतरते आणि तिथेच तासन्‌तास मुक्काम करते. दूध आंबायला लागलं की वायू तयार होतो, मगातला दाब वाढतो आणि झाकण उघडताना कॉफी अंगावर उडते. शिवाय दुधाचा वास एकदा रबराच्या रिंगेत बसला की तो काढताना नाकी नऊ येतात. ज्यांना दुधाशिवाय चालतच नाही त्यांनी दूध पावडरची पुडी वेगळी ठेवावी आणि ती प्यायच्या वेळी कपात घालावी. ताक आणि सोड्याची पेयं यांनाही हाच नियम, बंद मगात अजिबात नको.

कोरी कॉफी नेता येते, पण चार-पाच तास गरम राहिलेली कॉफी कडवट आणि आंबूस लागायला लागते. मला स्वतःला सगळ्यात पसंत असलेला मार्ग म्हणजे मगात नुसतं उकळतं पाणी न्यायचं आणि माथ्यावर बसून इन्स्टंट कॉफी कालवायची. घरी फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन करणारे लोक ते छोट्या स्टीलच्या बाटलीत वेगळं नेतात आणि वर गरम पाणी घालतात, तेही उत्तम. कोरी कॉफी थेट मगातून पिणाऱ्याला तोटीचं झाकण लागतं. नुसतं पाणी नेणाऱ्याला ते लागत नाही, त्याने साधं पिळाचं बूच आणि वर कप अशी रचना घ्यावी. तीच सगळ्यात कमी गळते.

झाकणाचे प्रकार, माझ्या पसंतीच्या क्रमाने

पिळाचं भरीव बूच पहिलं. त्यात हलणारा एकही भाग नसतो. एक रिंग, चार आटे, संपलं. उघडायला दोन्ही हात लागतात, चालता चालता पिता येत नाही. पण सॅकच्या तळाशी बिनधास्त टाकता येतं असं झाकण हेच.

दुसरं, खटक्याचं झाकण आणि त्यावर कुलूप. बटण दाबलं की टोपण उघडतं, आत तोटी असते, आणि बटणाच्या वर किंवा बाजूला सरकणारी कडी असते. झोजिरूशी या जपानी कंपनीचे मग या प्रकारासाठी ट्रेकर मंडळींत माहीत आहेत, आपल्याकडच्या कंपन्याही आता अशी झाकणं देतात. यात ती कडी अत्यावश्यक. कडी नसेल तर सॅकमधल्या टिफिनच्या कोपऱ्याने बटण दाबलं जातं आणि तुम्हाला ते माथ्यावर पोचल्यावर कळतं. टोपणाच्या आतल्या बाजूला तोटीवर बसणारी सिलिकॉनची छोटी टोपी असते. ती पक्की बसली आहे का, बोटाने हलवल्यावर निघते का, हे दुकानातच बघा.

तिसरं, दाबून प्यायचं झाकण. बटण दाबून धराल तेवढाच वेळ वाट उघडी, सोडलं की बंद. काँटिगोच्या ऑटोसील मगांमुळे ही रचना लोकप्रिय झाली. गाडी चालवताना किंवा एसटीच्या सीटवर बसून प्यायला छान. मात्र आत स्प्रिंग आणि सांधे असतात, साखरेची कॉफी त्यात चिकटते, आणि बटण चिकटून अर्धवट उघडं राहिलं की गळती सुरू. ट्रेकला नेणार असाल तर बटणाला कुलूप असलेलंच घ्या आणि कॉफी बिनसाखरेची भरा.

सरकत्या पट्टीचं झाकण आणि स्ट्रॉचं झाकण ट्रेकसाठी बाद. यात कितीही महागडं नाव असो. येटीचं चुंबकाच्या पट्टीचं झाकण गळतीरोधक नाही असं ती कंपनी स्वतःच सांगते. ते टेबलावर धक्का लागला तर शिंतोडे अडवण्यासाठी आहे, त्या कामात ते चांगलंही आहे. इथेच लेबलवरचे शब्द नीट वाचायला हवेत. 'स्पिलप्रूफ' आणि 'स्प्लॅशप्रूफ' म्हणजे थोडं सांडणं अडवणारं. 'लीक रेझिस्टंट' म्हणजे गळती कमी करणारं. सॅकमध्ये टाकायला 'लीकप्रूफ' हाच शब्द हवा, आणि तोही घरी तपासून.

मोठ्या नावावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये याला एक ताजं उदाहरण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये स्टॅनली कंपनीने अमेरिकेत 'स्विचबॅक' आणि 'ट्रिगर ॲक्शन' या दोन प्रकारांचे सुमारे २६ लाख मग परत मागवले. उष्णता आणि पिळाचा जोर यांमुळे झाकणाचे आटे आकसत होते आणि वापरताना झाकणच निघून येत होतं, त्यात लोक भाजले. भांडं उत्तम, गडबड झाकणाच्या प्लास्टिकच्या आट्यांत. तुमच्याकडे यातला जुना मग असेल, परदेशातून कुणी आणून दिलेला असेल, तर मॉडेलचं नाव एकदा तपासून घ्या.

झाकण सुटं करून बघा

दुकानदाराला विचारून झाकणाचे सगळे भाग काढा. पुण्यात तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानात किंवा गावच्या बाजारात हे करता येतं. ऑनलाइन घेणार असाल तर भाग सुटे केलेला फोटो किंवा व्हिडिओ शोधा. तो कुठेच नसेल तर मी तो मग घेत नाही.

आता रिंगेकडे या, कारण मग गळणार की नाही ते इथे ठरतं. झाकणाच्या खालच्या कडेला एक खाच असते, तिच्यात सिलिकॉनची रिंग बसलेली असते. नखाने किंवा चमच्याच्या दांडीने ती उचला. चांगली रिंग हाताला मऊ लागते, ओढली की ताणते आणि सोडल्यावर पुन्हा गोल होते. जोडाचा उंचवटा बोटाला जाणवला तर तिथूनच पुढे पाझर होणार हे धरून चाला. बऱ्याच रिंगांना एका बाजूला पातळ ओठ असतो. तो कोणत्या दिशेला होता ते लक्षात ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढून घ्या, कारण धुतल्यावर उलटी बसवलेली रिंग हे गळतीचं फार मोठं कारण आहे आणि बिचाऱ्या मगाला नावं ठेवली जातात. रिंग परत बसवून बोट गोल फिरवा. कुठेही पीळ किंवा फुगवटा लागता कामा नये.

त्यानंतर आटे. झाकण फिरवताना ते सुरुवातीलाच सरळ धरलं पाहिजे, तिरकं चढायला नको. पूर्ण बसल्यावर मऊसर थांबलं पाहिजे. 'कट्' असा आवाज करून प्लास्टिकवर प्लास्टिक आदळत असेल तर रिंग नीट दाबली जात नाहीये. आणि शेवटचा प्रश्न दुकानदाराला विचारायचा तो असा की ही रिंग सुटी मिळते का? वर्ष-दोन वर्षांनी ती बदलावी लागणारच. सुटी रिंग मिळत नसेल तर चांगला मगही तेवढ्यावरच अडतो.

माप, वजन, स्टील

एकट्यासाठी ३५० ते ५०० मिलिलिटर पुरे. लहान मग लवकर थंड होतो आणि अर्धा भरलेला त्याहून लवकर, म्हणून लागेल तेवढंच माप घ्या आणि गळ्यापर्यंत भरा. रिकाम्या मगाचं वजन साधारण २०० ते ३५० ग्रॅम असतं. घाटवाटेने चढताना हा फरक जाणवतो, पण त्यासाठी झाकणात तडजोड करू नका. जाडी सॅकच्या बाजूच्या खिशात बसेल अशी, म्हणजे ७ सेंटीमीटरच्या आसपास. तोंड इतकं रुंद हवं की बाटली धुवायचा ब्रश तळापर्यंत पोचेल. त्याहून रुंद तोंड म्हणजे उष्णता जायला मोठं दार.

स्टील ३०४ प्रतीचं, ज्यावर १८/८ असंही लिहिलेलं असतं. म्हणजे अंदाजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. बाहेरची भिंत हलक्या स्टीलची असली तरी चालेल, कॉफी लागते ती आतली भिंत ३०४ हवी. आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की परवाना खरा आहे का ते लगेच दिसतं. काचेच्या आतल्या भांड्याचा जुना थर्मास घरात ठीक, कातळावर नको.

'२४ तास गरम' या दाव्याला फार महत्त्व देऊ नका. किती अंशांपासून सुरू केलं आणि किती अंशांना 'गरम' म्हटलं हे त्यात सांगितलेलं नसतं. जपानी कंपन्या ६ तासांनंतर आत किती अंश तापमान राहतं ते आकड्यात देतात. असा आकडा जिथे असेल तो मग इतरांशी ताडून बघता येतो.

सॅकमध्ये मग का गळतो?

घरी उलटा धरून ठणठणीत कोरडा राहिलेला मग वाटेत गळतो, त्यामागे बहुतेक वेळा दाब असतो. कॉफी ओतून लगेच झाकण लावलं की वरच्या मोकळ्या जागेत थंड हवा कोंडली जाते. ती तापून फुगते. त्यात वाफेची भर पडते, आणि ८० अंशांवरच्या पाण्याची वाफ एकटीच वातावरणाच्या जवळपास निम्म्या दाबाने बाहेर ढकलत असते. त्यातच आपण चढत असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर. एवढ्या चढात बाहेरच्या हवेचा दाब दहा टक्क्यांहून जास्त उतरतो. केदारकंठासारख्या हिमालयातल्या शिखरावर, ३८०० मीटरच्या आसपास, तो समुद्रकाठच्या दाबाच्या दोन तृतीयांशांहूनही खाली गेलेला असतो. आतला जोर वाढला, बाहेरचा आधार घटला, आणि सॅक शिडीवर आडवी झाली की कॉफी रिंगेच्या कमजोर जागेतून वाट काढते.

उपाय सोपा आहे. कॉफी किंवा पाणी ओतल्यावर झाकण नुसतं वर टेकवून मिनिट-दोन मिनिटं थांबा. वाफेबरोबर थंड हवा निघून जाते. त्यानंतर पिळा. पुढे आतलं थोडं निवलं की मगात उलट किंचित ओढ तयार होते आणि झाकण जास्तच घट्ट बसतं. पिळताना मात्र सगळी ताकद लावू नका, त्याने रिंग चेपते आणि आटे झिजतात.

घरी घ्यायची परीक्षा

मग हातात आला त्याच दिवशी ही परीक्षा घ्या, म्हणजे परत करायची मुदत टळत नाही. लेबल आणि खोका जपून ठेवा.

आधी गार पाणी. त्यात चमचाभर इन्स्टंट कॉफी घाला, म्हणजे थेंब पडला तर डाग दिसेल. हळद घालू नका, ती सिलिकॉनवर कायमची बसते. झाकण लावून मग पुसून कोरडा करा, टिश्यू पेपरमध्ये गुंडाळा, आडवा ठेवा, अर्ध्या तासाने उलटा करा. टिश्यू कोरडा राहिला तर पुढे जा, नाही तर परत पाठवा.

आता खरी परीक्षा, गरम पाण्याची. प्लास्टिक आणि सिलिकॉन तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून गार पाण्यात उत्तीर्ण झालेला मग गरम पाण्यात नापास होऊ शकतो. उकळतं पाणी वरून दोन सेंटीमीटर जागा सोडून भरा आणि यावेळी मुद्दाम न थांबता लगेच झाकण लावा. टिश्यूत गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी सॅकमध्ये कपड्यांच्या मधे ठेवून इमारतीचे जिने चढा-उतरा. स्वयंपाकघरात ग्रॅमचा वजनकाटा असेल तर आधी आणि नंतर वजन करा. डोळ्यांना न दिसणारा पाझर काट्यावर दिसतो. उघडताना तोंड लांब ठेवा आणि हळूहळू पिळा, हे दर वेळी पाळायचं.

त्याच पाण्यात निर्वात पोकळीचीही तपासणी होते. भरल्यावर दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. तोंडाजवळची कड कोमट लागली तर ठीक. पण पोटावर किंवा तळाशी कुठेही ऊब लागली तर पोकळी गेलेली आहे, तो मग निकामी. आतलं पाणी ६ तासांनी ६० अंशांच्या वर असेल तर या मापाच्या मगासाठी मी त्याला चांगलं म्हणतो. थर्मामीटर नसेल तर कपात ओतून वाफ येते का बघा, तेवढं पुरतं.

भरताना आणि नेताना

भरण्याआधी मगात उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवा आणि ओतून द्या. थंड स्टील पहिल्याच मिनिटाला कॉफीचे काही अंश खातं, ते वाचतात.

मग सॅकच्या आत, पाठीच्या बाजूला, उभा ठेवा. कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायची खटक्याची कडी, लावून बाहेर लटकवायची फॅशन आहे, ती सोडून द्या. कारवीच्या झाडोऱ्यात तो अडकतो, रॉक पॅचवर कातळावर आपटतो, आणि तळाला पोचा पडला की निर्वात पोकळीचं सील जाऊ शकतं. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर बाजूच्या खिशातला मग निसटला तर खालून येणाऱ्याच्या डोक्यावर जातो. अशा टप्प्याआधी तो आत घ्या. आणि मग कितीही भरवशाचा असला तरी स्लीपिंग बॅग नि कोरडे कपडे प्लास्टिकच्या वेगळ्या पिशवीतच. पावसाळ्यात ती पिशवी लागतेच.

चांगला मग कॉफी प्यायच्या तापमानाच्या बराच वर ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयं पिणं 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. थेट तोटीतून मोठा घोट घेतला तर आधी जीभ भाजते. तेव्हा कपात ओता, वाऱ्यावर थोडी निवू द्या, आणि नंतर प्या. म्हणूनही मला कपाचं झाकण असलेला मग आवडतो.

मुक्कामाला चूल पेटवली की कुणीतरी मगच निखाऱ्यांवर ठेवायला बघतो. दुहेरी भिंतीचा बंद मग विस्तवावर कधीही ठेवायचा नाही, पोकळी फुगून तो फुटू शकतो. पाणी पातेल्यात तापवा आणि मगात ओता.

घरी आल्यावर

दमलेलो असलो तरी त्याच रात्री झाकणाचे भाग सुटे करून धुवा. रिंगेच्या खाचेत साचलेला तपकिरी थर जुन्या मऊ टूथब्रशने काढा. बुरशी तिथेच धरते. आत कॉफीचे डाग असतील तर चमचाभर खायचा सोडा आणि गरम पाणी घालून झाकण न लावता रात्रभर ठेवा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर लिंबूफूल. क्लोरीनचं ब्लीच आणि तारेची घासणी दोन्ही टाळा. ब्लीचने स्टीलला बारीक खड्डे पडतात. सगळं कोरडं झाल्यावर झाकण वेगळं ठेवूनच मग कपाटात ठेवा, बंद करून ठेवला तर पुढच्या ट्रेकला कुबट वास येणार.

रिंग कडक झाली, पिवळी पडली किंवा खाचेत सैल फिरायला लागली की ती बदला. सीझनची पहिली वारी, म्हणजे जूनमधला पहिला भिजका ट्रेक, ठरला की आदल्या आठवड्यात टिश्यूची परीक्षा पुन्हा एकदा घ्या. आणि रिंग मागवताना दोन मागवा. एक मगात बसवा, दुसरी प्रथमोपचाराच्या डबीत टाका, कारण रिंग हरवते ती मुक्कामी, अंधारात, पाण्याच्या टाक्यापाशी झाकण धुताना.